टेस्ट करायचीय पण रत्नागिरीत सगळेच ओळखीचे, काय करू?

भाट्येकर_२१

नमस्कार मंडळी, नवीन आयडी काढून लिहितोय कारण जुना आयडी माझ्या मामेभावाला माहितीये. वय २१, रत्नागिरीत शेवटच्या वर्षाला आहे. गर्लफ्रेंड पुण्यात नोकरीला, माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो होतो तेव्हा कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आयपिल घेतली आणि तो विषय संपला असं आम्हाला वाटलं. पाळी पण वेळेवर आली. पण मग परवा फोनवर बोलता बोलता निघालं की आमच्या दोघांचंही आधी कोणी ना कोणी होतं (तिचं एक, माझी एक) आणि दोघांनीही कधीच कसलीच टेस्ट केलेली नाही. तेव्हापासून डोक्यात किडा गेलाय.

आता या गोष्टीला तीन आठवडे झाले. त्रास काहीच नाही, जळजळ नाही, पुरळ नाही, काही नाही. तरी रात्री गूगल करत बसतो आणि प्रत्येक रोग मला झालाय असं वाटतं.

प्रॉब्लेम असा की टेस्ट करायची कुठे. आमच्या नाक्यावरच्या लॅबमध्ये जो रक्त काढतो तो माझ्याबरोबर शाळेत होता. फॅमिली डॉक्टर पप्पांबरोबर रोज सकाळी चालायला जातात. सिव्हिलला शेजारच्या काकू स्टाफला आहेत. मेडिकलचं तर विचारूच नका, कंडोम घ्यायला मी गाडी काढून पावसकडे जातो, खरं सांगतोय.

तर प्रश्न दोन. एक म्हणजे आत्ता नक्की कुठल्या टेस्ट करायच्या आणि कुठे. दुसरा, पुढे असं होऊ नये म्हणून कंडोम सोडून अजून काही असतं का. कृपया लेक्चर नको, ते आरशासमोर रोज देतोय स्वतःला.

खाडीपलीकडचा

भावा टेन्शन नको घेऊ, सोपा उपाय सांगतो. कॉलेजमध्ये एनएसएसचं रक्तदान शिबिर असेलच डिसेंबरात. रक्त दे. ते लोक एचआयव्ही, कावीळ सगळं तपासतात फुकटात, काही निघालं तर फोन येतो, नाही निघालं तर बिस्कीटपुडा आणि सर्टिफिकेट. आमच्या रूमवर दोघांनी असंच केलं. आणि त्रास नाहीये म्हणजे काही झालेलं नाहीये, उगाच कशाला कुठे जातोस.

समुपदेशक_ताई

वरचं वाचून जेवता जेवता उठून लिहायला आले. खाडीपलीकडच्या, तुझा हेतू चांगला असेल बाबा पण हे प्लीज कोणी करू नका. मी सरकारी आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन होतं त्या केंद्रात, बरीच वर्षं काढली आहेत, कोकणातल्याच एका जिल्ह्यात.

रक्तपेढीत दिलेल्या प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी होते, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया, हे बरोबर आहे. पण लागण झाल्या झाल्या टेस्टमध्ये काही दिसत नाही. मधला जो काळ असतो त्याला विंडो पिरियड म्हणतात. त्या काळात दिलेलं रक्त तपासणीत स्वच्छ दिसू शकतं आणि तेच रक्त बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या एखाद्या बाईला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला चढतं. म्हणून तर त्या फॉर्मवर ते प्रश्न असतात, जे सगळी मुलं न वाचता टिक करतात. भाट्येकर, तुझं सगळं क्लिअर होईपर्यंत शिबिरात जाऊ नकोस. मित्रांनी विचारलं तर सांग हिमोग्लोबिन कमी आहे.

आता तुझं बघू. पहिली गोष्ट, आयपिलचा आणि आजाराचा काडीचा संबंध नाही. ती फक्त दिवस राहू नयेत म्हणून. दुसरी, कंडोम फाटल्यावर एचआयव्हीची भीती असेल तर पेप नावाची औषधं असतात, ती ७२ तासांच्या आत सुरू करायला लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि मग २८ दिवस घ्यायची. मोठ्या सरकारी रुग्णालयात एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, मिळतात, रात्री गेलात तर अपघात विभागात विचारायचं. तुझी ती वेळ गेली, आणि तुझ्या केसमध्ये डॉक्टरांनी दिली असती असंही नाही, ते समोरच्या व्यक्तीची जोखीम बघून ठरवतात. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी ७२ हा आकडा लक्षात ठेवा.

त्रास नाही म्हणून काही नाही असं समजायचं नाही, कारण यातले बरेच आजार गप्प बसून असतात. पुरुषाला परमा म्हणजे गनोरिया झाला तर बहुतेक वेळा दोन ते सात दिवसांत लघवीला जळजळ होते, पू येतो, ते कळतं. क्लॅमिडिया मात्र बऱ्याच जणांना कळतच नाही, बायकांना तर अजूनच कमी. सिफिलिस म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात, त्याचा फोड साधारण तीन आठवड्यांनी येतो, पण १० दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत कधीही येऊ शकतो.

तेव्हा आत्ता एकदा जाऊन एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी करून घे, आणि घटनेपासून तीन महिने झाले की परत एकदा. आत्ताची टेस्ट जुन्या नात्यातलं काही असेल तर सांगेल, ह्या वेळचं पूर्ण उत्तर दुसऱ्या टेस्टला. तुझ्या मैत्रिणीनेही पुण्यात तेच करायचं, एकट्याने करून अर्धं काम होतं. मधल्या काळात कंडोमशिवाय काही नाही.

कुठे करायची तर आयसीटीसी. एचआयव्हीची तपासणी फुकट. आधी समुपदेशक बोलतो, तुझी संमती घेतो, मग रक्त, रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी, आणि तो तुझ्याच हातात. निगेटिव्ह आलं तरी बसवून सांगतात, पॉझिटिव्ह वाटलं तर वेगवेगळ्या तीन किटवर तपासल्याशिवाय कोणी तुला पॉझिटिव्ह म्हणत नाही. आणि तिथे तालुक्याचा, जिल्ह्याचा दाखला लागत नाही! कुठल्याही गावच्या आयसीटीसीत जाता येतं. आमच्याकडे हे नेहमीचंच. चिपळूणची पोरं रत्नागिरीला जातात, रत्नागिरीची कोल्हापूर नाहीतर चिपळूणला, आणि मला कायम वाटत आलंय की दोघं हातखंब्याच्या स्टॉपवर एकमेकांना बघून मान वळवत असतील.

जवळचं केंद्र कुठलं ते १०९७ ला फोन करून विचार. टोल फ्री आहे, चोवीस तास, नाव सांगायला लागत नाही.

झाराप_झिरो_पॉइंट

रे झिला, इतको घाबरतंस कित्याक? :) आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

ताईंनी सिफिलिसचा फोड लिहिलाय त्यावर माझी कथा सांगतो. आत्ता वय ३८, लग्न झालंय, दोन पोरं आहेत, म्हणून बिनधास्त लिहितोय. २४-२५ चा होतो, बोटीवर जायच्या आधी वाशीला कोर्स करत होतो. एकदा अशीच जागेवर एक फोडी आली, वाटाण्याएवढी, कडक. दुखत नव्हती. हीच तर गंमत, दुखली असती तर डॉक्टरकडे पळालो असतो. दुखत नाही म्हणून मी स्टेशनबाहेरच्या भिंतीवर रंगवलेलं असतं ना, गुप्तरोग, १०० टक्के गॅरंटी, त्या नंबरवर फोन केला. त्या माणसाने नाडी बघितली, एक शब्द विचारला नाही, आणि तपकिरी पावडरच्या चाळीस पुड्या दिल्या. तेव्हाचे चार हजार रुपये. दुधातून घ्यायची, आंबट खायचं नाही, मासे बंद. मालवणी माणसाला मासे बंद! तरी केलं. महिन्याभरात फोड गेली. मी त्या माणसाला देव मानायला लागलो, दोन मित्रांना नंबर पण दिला.

नंतर कळलं की ती फोड आपोआपच जाते. तीन ते सहा आठवड्यांत, पुड्या घ्या नाहीतर शेंगदाणे खा. फोड जाते आणि आजार आत राहतो. दीड वर्षाने जहाजाच्या मेडिकलला व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली, कॉन्ट्रॅक्ट हातातून गेलं, घरी काय सांगणार, सांगितलं व्हिसा अडकला. मग सरकारी दवाखान्यात पेनिसिलिनची इंजेक्शनं, दर आठवड्याला एक असा तीन आठवड्यांचा कोर्स. दुखतात, खोटं कशाला बोलू, एसटीत एका बाजूवर बसून यायचो. पण बरा झालो, पूर्ण. नंतर सहा महिन्यांनी परत रक्त तपासलं. लग्नाआधी बायकोला सगळं सांगितलं, तिने माझे कागद स्वतः वाचले आणि मगच हो म्हणाली.

म्हणून सांगतो, भिंतीवरचा नंबर, हायवेचा तंबू, बाबा, वैदू, कोणीकोणी नाय. आणि मेडिकलवाल्याला "जळजळतंय, काहीतरी द्या" म्हणून अँटिबायोटिक पण नको. अर्धवट गोळ्यांनी परमा दबतो, जात नाही, आणि जुन्या गोळ्यांना तर तो आता जुमानत पण नाही.

मुंबैवालो_न्हय

एक सांगू का, राग मानू नका. हे सगळं मुंबई पुण्याहून येतं. शिमगा गणपतीला चाकरमानी येतात, वीकेंडला अलिबाग तारकर्लीला कपल्स येतात. आमच्या वेळी गावात असले आजार नव्हते.

वाशिष्ठीकाठ

आमच्या वेळी नव्हते म्हणजे आमच्या वेळी कोणी तपासत नव्हतं. डब्ल्यूएचओचा २०२० चा अंदाज आहे, १५ ते ४९ वयात जगभरात बऱ्या होऊ शकणाऱ्या चार गुप्तरोगांच्याच वर्षाला ३७ कोटी ४० लाख नव्या केसेस. एवढे सगळे कोकणकन्या पकडून आलेत का?

असो. मी चिपळूणची, २३. भाट्येकर पावसपर्यंत जातो म्हणतो, त्याला म्हणावं मुलगी होऊन बघ. मागच्या वर्षी मी एकदा, एकदाच, हिंमत करून बाजारातल्या मेडिकलमध्ये कंडोम मागितला. त्या काकांनी काउंटरवर ठेवलाच नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे कोण उभं आहे ते बघितलं, मग म्हणाले "कोणी पाठवलंय?" जसं काही मी गिरणीत दळण आणायला आलेय. मग वर्तमानपत्रात गुंडाळला, वर काळी पिशवी, वर गाठ. घरी जाईपर्यंत मला वाटत होतं की पिशवीत बॉम्ब आहे. आता सरळ ऑनलाइन मागवते, बाहेरून काही कळत नाही.

दुसरा प्रॉब्लेम डॉक्टरचा. अंगावरून पांढरं जात होतं, वास येत होता, खाज होती. स्त्रीरोगवाल्या मॅडमचा पहिला प्रश्न, लग्न झालंय का? मी नाही म्हटलं. झालं, तपासणी नाही, "अशक्तपणाने जातं, लोह घे" म्हणून टॉनिक. खरा प्रश्न त्यांना विचारायचा होता की संबंध येतो का, पण तो विचारायची लाज, मग लग्न झालंय का हाच आमच्याकडे त्याचा सभ्य अवतार. आणि मी पण मूर्ख, आई बाहेर बसलेली म्हणून बोलले नाही. तीन महिने टॉनिक प्यायले.

ताई, अशा वेळी मुलीने काय बोलायचं?

समुपदेशक_ताई

वाशिष्ठी, एकच वाक्य पाठ करून जा, "मी सेक्शुअली ॲक्टिव्ह आहे, मला इन्फेक्शनची तपासणी करून हवी आहे." इंग्रजी शब्दामागे लपलं तरी चालेल, तेवढी सोय इंग्रजीने केली आहे आपली. आणि आत एकटीने जा. आईला सांग, मला एकटीला बोलायचंय.

पांढरं जाणं दर वेळी गुप्तरोग नसतो हेही सांगते. नेहमीचं, बिनवासाचं, पाळीच्या चक्राप्रमाणे कमीजास्त होणारं पांढरं जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे. वास, खाज, रंग बदलणं, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, यातलं काही असेल तर तपासायचं. क्लॅमिडिया किंवा गनोरिया वर चढून गर्भनलिकांपर्यंत गेला तर पुढे मूल होताना अडचण येऊ शकते, आणि तोवर बाईला एक दिवससुद्धा ताप आलेला नसतो.

सरकारी जिल्हा रुग्णालयात यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे लक्षणांवरून रंगीत किट देतात. लघवीच्या जागेतून स्राव असेल तर करडं, योनीमार्गाच्या इन्फेक्शनला हिरवं, न दुखणाऱ्या जखमेला पांढरं, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं, असे सात प्रकार. औषधं फुकट. मुलांना नाव आठवत नाही पण रंग आठवतो, "ताई मला करडं मिळालं होतं". बऱ्याच आजारांत जोडीदारालाही औषध देतात. इथेच गाडी अडते. एकटा घेतो, बरा होतो, जोडीदाराकडून परत घेऊन येतो, परत करडं. एक मुलगा माझ्याकडे वर्षात तीनदा आला. तिसऱ्यांदा मी त्याला किट दाखवून म्हटलं, हे तुझ्यासाठी नाही, तिला कधी आणतोस ते सांग. आणली शेवटी. लोटेच्या कंपनीत होती, शिफ्ट संपवून गणवेशावरच आली.

आणि भाट्येकर, तुझा दुसरा प्रश्न राहिला, तो जेवण झाल्यावर. भांडी पडली आहेत.

खाडीपलीकडचा

ताई सॉरी, रक्तदानाचं खरंच माहिती नव्हतं. रूमवरच्या दोघांना पण सांगतो.

एक विचारू का, लाज वाटते पण. कंडोम फाटतात का इतके? माझे दोनदा फाटलेत, मला वाटलं कंपनीच भंगार.

समुपदेशक_ताई

कंपनी बदलायच्या आधी सांग ठेवतोस कुठे आणि लावतोस काय.

खाडीपलीकडचा

ठेवतो पाकिटात. लावतो म्हणजे... खोबरेल. घरचंच असतं ना, घाण्याचं.

समुपदेशक_ताई

हेच ते! अरे कोकणातला अर्धा प्रॉब्लेम खोबरेलात आहे. कंडोम लॅटेक्सचा असतो आणि कुठलंही तेल लॅटेक्सला काही मिनिटांत कमकुवत करतं. खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल, बॉडी लोशन, सगळं तेच. ओलावा हवा असेल तर पाण्यावर आधारलेली जेली मिळते मेडिकलला, ती. घाण्याचं खोबरेल डोक्याला आणि मोदकाच्या पारीला राहू दे.

पाकीट मागच्या खिशात, पाकिटावर बसायचं, मे महिन्यात बाइकच्या डिकीत, याने पण खराब होतो. तारीख बघायची, पॅकेट दाबून आत हवेचा फुगा लागतोय का बघायचा, दाताने फाडायचं नाही. टोकाची हवा काढून मग चढवायचा. दोन एकावर एक घातले की जास्त सुरक्षित असं वाटतं, उलट घासून फाटतात. झालं की लगेच, कडेला धरून काढायचा. हे मी प्रशिक्षणात लाकडी मॉडेलवर इतक्यांदा दाखवलंय की आमच्या शिपायाला पण पाठ आहे.

आता भाट्येकरचा दुसरा प्रश्न, कंडोम सोडून अजून काय. कंडोमने एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया यापासून चांगला बचाव होतो, पण गुप्तांगावरचा हर्पिस, सिफिलिस आणि एचपीव्ही (चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू) हे कातडीला कातडी लागून पण येतात, जिथे कंडोम झाकत नाही तिथून. त्यामुळे लसी घ्या. हिपॅटायटिस बी ची लस, तीन डोस, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. देशभर सरकारी लसीकरणात ती २०११ पर्यंत आली, म्हणजे तुमच्या वयाच्या बऱ्याच पोरांना लहानपणी मिळालेली नसेल, आईला कार्ड शोधायला सांगा. दुसरी एचपीव्हीची. आणि तिसरी गोष्ट लस नाही, कागद आहे. कंडोम बंद करायचा विचार दोघांच्या मनात आला की आधी दोघांनी टेस्ट करून रिपोर्ट एकमेकांना दाखवायचे. विश्वास वगैरे नंतर. आपल्याकडे उलटं होतं, चार महिने झाले, आता विश्वास बसला म्हणून कंडोम सुटतो. जंतूला काय विश्वासाचं.

दापोलीची_आई

एचपीव्हीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, माझी मुलगी १३ ची आहे. शाळेच्या ग्रुपवर एका पालकांनी लिहिलं की ही लस दिली की मुलींना मोकळीक दिल्यासारखं होतं. दुसऱ्या म्हणाल्या अजून लहान आहे, लग्न ठरलं की देऊ. आमच्या ह्यांचं पण तेच. मुलग्यांना पण देतात असं ऐकलं ते खरं का?

समुपदेशक_ताई

ताई, लग्न ठरलं की दिली तर चालते, पण सगळ्यात जास्त उपयोग संबंध सुरू व्हायच्या आधी दिली तर होतो, म्हणूनच ती ९ ते १४ मध्ये सांगतात. त्या वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ झाल्यावर तीन. पुण्याच्या सीरमची आपली लस आहे, सर्व्हाव्हॅक, जुलै २०२२ ला तिला परवानगी मिळाली. त्यात चार प्रकारचे विषाणू येतात, त्यातले १६ आणि १८ हे दोन मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसला कारण असतात. आपल्या देशात बायकांमध्ये हा दुसऱ्या नंबरचा कॅन्सर आहे. मुलग्यांना पण चालते, हो, चामखिळी त्यांनाही येतात आणि पुढे पसरवतात पण तेच.

मोकळीक वगैरेचं काय सांगू. धनुर्वाताची लस दिली म्हणून कोणी गंजक्या खिळ्यावर नाचायला जात नाही.

मुरूडचा_मास्तर

उशिरा वाचलं. सेवानिवृत्त शिक्षक, आमचं गाव हर्णैच्या पलीकडचं मुरूड. ह्या धाग्यावर एक माणूस हवा होता म्हणून त्याची आठवण काढतो. र. धों. कर्वे आमच्याच मुरूडचे. महर्षींचा थोरला मुलगा. गणिताचे प्राध्यापक होते मुंबईत, संततिनियमनाचं काम सोडत नाहीत म्हणून नोकरी गेली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं, वारेपर्यंत, १९५३ पर्यंत. गुप्तरोग कसे टाळायचे ते सरळ मराठीत लिहायचे. अश्लील म्हणून खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. गावात महर्षींचा पुतळा आहे. पोराबद्दल विचारलं तर लोक समुद्राकडे बघतात.

मी स्वतः तीस वर्षं शास्त्र शिकवलं. प्रजननाचा धडा आला की "घरी वाचा" म्हणायचो. मुलं वाचायचीच, पण कुठलं वाचायची ते आता कळतंय.

ताई, एक शंका. अकरावी बारावीची मुलं विचारायला येतात माझ्याकडे अजून, त्यांना कुठे पाठवू?

समुपदेशक_ताई

मास्तर, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं.

१० ते १९ साठी सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांचं क्लिनिक असतं, आपल्याकडे मैत्री नावाने. २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला त्यात ते धरलेलं आहे. माहिती हवी, पाळीचं, पुरळाचं, मनातलं काही, तर बिनधास्त पाठवा. १८ च्या आतल्यांचा संबंध आलाय असं असेल तर मात्र गोष्ट नाजूक. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा कायदा, त्याप्रमाणे त्या वयात संमती धरतच नाहीत आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं असतं, डॉक्टरनेसुद्धा. कायदा मुलांना वाचवायला आहे, आणि जिथे जबरदस्ती झाली आहे तिथे तो हवाच. पण १७ ची मुलगी आणि १७ चा मुलगा, दोघंही घाबरलेले, ते याच भीतीने दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि भिंतीवरच्या नंबरला फोन करतात. याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून त्यांना आजार होऊन यायच्या आधीच, नुसतं बोलायला म्हणून पाठवा.

भाट्येकर_२१

मंडळी, अपडेट. जाऊन आलो.

१०९७ ला फोन केला, घाबरत घाबरत, गच्चीवर जाऊन. पलीकडे एक ताई होत्या, मराठीत बोलल्या, नाव विचारलं नाही. मी तरी खोटं नाव सांगितलं. रत्नागिरी नको म्हणून दुसऱ्या तालुक्यात जायचं ठरवलं, घरी सांगितलं मित्राचं प्रोजेक्ट. सकाळची एसटी, तोंडाला मास्क, टोपी. एवढं केल्यावर कोणी बघितलं असतं तर नक्कीच संशय आला असता.

केसपेपरच्या लाइनीत खिडकीवरच्या माणसाने मोठ्याने विचारलं "काय होतंय?" मी म्हटलं रक्त तपासायचंय. त्याने वर पण बघितलं नाही, आकडा लिहिला आणि "सरळ जाऊन डावीकडे" म्हणाला. डावीकडे बाकावर आम्ही सहा जण. त्यात दोन गरोदर बायका नवऱ्यांबरोबर, एक खलाशी वाटला, एक माझ्याच वयाचा, तो पण मास्क लावून. आम्ही दोघं पूर्ण वेळ समोरच्या भिंतीवरचं पोस्टर वाचत होतो. मला ते आता पाठ आहे.

आत समुपदेशक मॅडमनी दार लावलं. रजिस्टरला नाव, वय, पत्ता विचारला. ठरवून आलो होतो खोटा सांगायचा, पण त्यांनी इतकं साधेपणाने विचारलं की खरंच गाव बाहेर पडलं तोंडातून. त्यांनी पेन थांबवलं. म्हणाल्या "अरे, माझं माहेर तिथलंच, वरच्या वाडीतलं. तू कोणाचा?"

वाशिष्ठीकाठ

देवा. मग??

भाट्येकर_२१

मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. म्हणाल्या सॉरी, सवय आहे, उत्तर नको देऊ. इथलं बाहेर सांगितलं तर माझ्यावरच केस होईल, एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदाच आहे तसा, आणि नसता तरी सांगितलं नसतं. मग विचारलं रक्त बघून चक्कर येते का. मी नाही म्हटलं आणि आली. पाणी दिलं, पंखा लावला.

दोन तासांनी रिपोर्ट दिला. एचआयव्ही, सिफिलिस, दोन्ही निगेटिव्ह. कावीळ बी चा उद्या फोनवर. पुढची तारीख फेब्रुवारीतली, शिमग्याच्या आधी. तिची पुण्यात शनिवारी आहे, मी व्हिडिओ कॉलवर असणार आहे.

येताना मॅडमनी निरोधचं पाकीट पुढे केलं, घे म्हणाल्या, फुकट आहेत. किती घेऊ ते कळेना, मी दोन उचलले. त्या म्हणाल्या अरे मूठभर घे, पावसपर्यंतचं पेट्रोल वाचेल.

ताई, ही तुम्हीच होतात ना?

समुपदेशक_ताई

उत्तर नको देऊ म्हटलं होतं ना, मग मी पण देत नाही. फेब्रुवारीत येताना टोपी नको घालूस, खूप उकडतं तिथे.